पुढची सीट

आवडाबाईंनी एकच अट घातली होती. शनिवारी सकाळी मुख्तार भंगारवाला गाडी न्यायला येणार. त्याच्या आत त्यांना पुढच्या सीटवर बसवून गाडी अंगणातून वर रस्त्यावर आली, तर राहील. नाही आली, तर जाईल.

"पुढच्याच सीटवर?" सरूने विचारले.

"व्हय. आधी तुझे आप्पा मला पुढंच बसवायचे. मग एक दिवस म्हणाले, मागं बस. का, तर सांगितलं नाय. बारा वर्षं त्यांच्या शेजारी त्यांची पिशवी, आन मी मागं. आता मी पुढं बसणार."

आप्पासाहेबांना जाऊन चौदा महिने झाले होते. त्यांचे कपडे वाटून झाले होते, पुस्तके वाचनालयाला गेली होती. अँबॅसडर तेवढी छपराखाली उभी होती. सरू कॉलेजात इतिहास शिकवायची, गाडीतले तिला काही कळत नव्हते. तरी दिवाळीनंतर तिने ती चालू करायला घेतली. शफीक मिस्त्रीने रविवारमागून रविवार खपून इंजिन उघडले, ब्रेक नवे केले, उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या. गाडी सुरू झाली. फक्त वर चढेना.

हर्सूलमधले हे घर बांधले तेव्हा रस्त्याच्या पातळीवर होते. पुढे रस्ता दर निवडणुकीला नवा होत गेला आणि घर जागचे न हलता खाली गेले. अंगणातून वर जायला आता मुरमाचा चढ होता. गाडी निम्म्यात जायची, मागची चाके जागच्या जागी फिरायची, मुरूम तुळशीवर उडायचा आणि गाडी पुन्हा छपराखाली यायची.

"चाक फिरतंय म्हणजे ताकद येऊ राहिली, ताई," सोमवारी शफीक म्हणाला. "क्लच बी चांगला. पकडच नाय." त्याने टायरवर अंगठ्याचे नख दाबले. नख वाकले. "हे रबर नाय, दगड झालाय."

मंगळवारी मागे दोन नवे टायर आले. आवडाबाई इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन पुढे बसल्या. गाडी निम्म्यात गेली आणि परत आली. आवडाबाई उतरल्या.

"उद्या किती वाजता?" त्यांनी विचारले.

बुधवारी सरूचा नवरा रामकिसन वही घेऊन आला. तो वाळूजच्या कारखान्यात मालाचा दर्जा तपासायचा.

"दोष शोधायची एक पद्धत असते," तो म्हणाला. "पाच वेळा 'का' विचारायचं. गाडी का चढत नाही?"

"चाक घसरतंय," शफीक म्हणाला.

"चाक का घसरतंय?"

"पकड नाय."

"पकड का नाही?"

"ते मला ठावं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं, साहेब?"

तिसऱ्या 'का'लाच पद्धत संपली. मग टायरमधली हवा कमी केली. मुरूम बसावा म्हणून चढावर पाणी मारले; त्याचा चिखल झाला आणि गुरुवार तो वाळण्यात गेला. शुक्रवारी शफीकने मागच्या स्प्रिंगचे पाटे आवळले. दर वेळी आवडाबाई पर्स घेऊन बसत होत्या आणि तशाच उतरत होत्या.

शेवटी रामकिसनने सरूला बाजूला घेतले. "आईंचं वजन जरा... एकदा त्यांच्याशिवाय बघू या."

आवडाबाईंना ओसरीवर ऐकू गेले. "बघा की, जावईबापू. माझ्यामुळं अडलं असंल तर बघा."

त्यांच्याशिवाय गाडी निम्म्यापर्यंतही गेली नाही. रामकिसनने वहीत लिहिले, 'सासूबाई वजा केल्यास दोन हात कमी.' आवडाबाईंनी त्या दिवशी सगळ्यांना चहा केला.

शनिवारी मुख्तार टेम्पो घेऊन आला. अंगाने एवढा की टेम्पोतून उतरताना टेम्पोच वर आला. "सलाम, काकू. न्यायची ना?"

"थांबा जरा," आवडाबाई म्हणाल्या आणि पुढे जाऊन बसल्या.

शफीक डोके खाजवत उभा होता. आठवडाभर कोणी न विचारलेले त्याने विचारले. "काकू, साहेब कशी चढवायचे हो?"

"कशी म्हंजे? सरळ. सकाळी वाचनालयात निघाले की मला म्हणायचे, चल, कोपऱ्यापर्यंत. मी मागं बसायची. कोपऱ्यावर उतरायचं, मेथी-कोथिंबीर घ्यायची, चालत घरी यायचं."

"रोज?"

"रोज. ताप असला तरी. माझ्याबिगर निघायचे नाय कधी."

रामकिसनचे पेन थांबले. शफीकने मागच्या चाकाकडे पाहिले, मग मागच्या सीटकडे, मग आवडाबाईंकडे पाहायचे टाळले.

"ह्या गाडीची ताकद मागच्या चाकाला असती," तो चाचरत म्हणाला. "मागं बोजा असला की चाक दबतं. दबलं की पकड धरतं."

स्टिअरिंगवर बसलेली सरू आईकडे वळली.

"म्हंजे मी बोजा," आवडाबाई म्हणाल्या.

"तसं नाय, काकू..."

"शफीक. व्हय का नाय?"

"व्हय, काकू."

"आई," सरू हळूच म्हणाली, "चढापुरती मागं बसतेस? वर गेलो की पुढं ये."

"नाय. अट म्हंजे अट." आवडाबाईंनी दार लावून घेतले. मग त्यांनी काचेबाहेर मान काढली. "मुख्तारभाई, गाडी आतून बघितली का? या, मागं बसा."

मुख्तार बसला. गाडीचा मागचा भाग चार बोटे खाली गेला. सरूने पहिला गिअर टाकला आणि गाडी एका दमात रस्त्यावर आली. खाली शफीकने दोन्ही हात वर केले.

"काकू, गाडी तो एकदम मस्त है," मुख्तार मागून म्हणाला. "भंगार में कायकू देरे?"

"थांबव गं," कोपरा आल्यावर आवडाबाई म्हणाल्या. "मुख्तारभाई, उतरा आता."

"इथं? आन मी गाडी न्यायला आलो होतो त्याचं?"

"ती कुठं जाती आता? मेथीच्या दोन जुड्या घ्या, घरी जावईबापूंकडं द्या. आन सोमवारी दहाला या. मला वैजापूरला बहिणीकडं जायचंय."

मुख्तार उतरला. भाजीवालीपुढे उभा राहून तो गाडीकडे बघत होता.

सरूने गाडी पुढे काढली.

"आई, आप्पांचा राग आला?"

आवडाबाईंनी पर्स मांडीवर नीट ठेवली.

"राग कशाचा? बारा वर्षं त्या माणसाला माझ्याबिगर घरातून निघता आलं नाय. तोंडानं सांगितलं असतं, तर मी जरा भाव खाल्ला असता, एवढंच."