दोन फुटांचं अतिक्रमण

"भावोजींचा तंबू बघा हो, कसा ताठ उभा राहिलाय!" बायको म्हणाली, आणि त्याच क्षणी मोजणीदाराचा तंबू तिसऱ्यांदा त्याच्याच डोक्यावर बसला.

कापडाखालून बाहेर येईपर्यंत त्याने साडूला मनातल्या मनात चार शेलके शब्द ऐकवले. साडू दातांचा डॉक्टर. मोजणीदार जमीन मोजणीच्या कचेरीत बावीस वर्षं लोकांच्या हद्दी ठरवत आलेला. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे दोघांची तुलना करायला बाहेरचं माणूस लागत नसे. भावोजींनी गाडी घेतली, बघा. भावोजींचं पोट अजून सुटलं नाही, बघा. भावोजी आपला कप आपण विसळतात, बघा. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण आपल्या नवऱ्याकडे बोट दाखवून तिने दुसऱ्या कुणाला 'बघा' म्हटल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. मरायच्या आधी एकदा तरी ते कानावर पडावं, एवढीच त्याची इच्छा होती. डोंगरातल्या या जंगलात, नदीकाठच्या तळावर दोन दिवस राहायला तो आला होता तो त्याच आशेवर.

तळावर नदीच्या कडेने एका ओळीत नऊ जागा होत्या, आणि प्रत्येक जागेच्या कोपऱ्यात आकडा रंगवलेला लाकडी खांब. साडूची जागा आठवी, मोजणीदाराची नववी, म्हणजे शेवटची. तिच्यापुढे नदी वळण घेऊन आडवी येत होती. साडूने अर्ध्या तासात तंबू उभारला, चहा केला आणि मोजणीदाराच्या बायकोला बसायला घडीची खुर्चीही उघडून दिली. मोजणीदाराच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. या माणसात नाही तर निदान त्याच्या तंबूत तरी काही खोट असेल, म्हणून त्याने हात मागे बांधून तंबूला एक फेरी घातली. कापड नवं, दोर नवे, खुंट्या लोखंडी. आणि मग त्याला ती दिसली. साडूची शेवटची खुंटी नऊ नंबरात होती!

मोजणीदार हातोडा घरी विसरला होता, पण टेप विसरला नव्हता. टेप त्याच्यासोबत लग्नकार्यालाही जाई.

"साडूभाऊ," त्याने शक्य तितक्या दुःखी आवाजात हाक मारली, "सांगायला बरं वाटत नाही, पण तुमचं माझ्या जागेत दोन फुटांचं अतिक्रमण झालंय."

"अरे बापरे! चुकलंच. लगेच सरकवतो."

"बघा," बायको म्हणाली, "एका शब्दात माफी मागितली. नाहीतर काही लोक!"

साडूने तंबू दोन फूट मागे घेतला. पण मागे घेतला तर तो सात नंबरवाल्या तंबूला टेकला. सात नंबरात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. साडू हळूच म्हणाला, "माझीही जागा मोजून द्या ना. मी इकडे सोडली, तर तिकडे मिळायला नको का?" कायद्याने बरोबर होतं. मोजणीदाराने टेप लावला. बाईंचा तंबू साडूच्या हद्दीत दोन फूट तीन इंच निघाला.

"मी आयुष्यात कधी रेघेच्या बाहेर गेलेली नाही," बाई कडाडल्या. "आधी त्या सहा नंबरवाल्यांचं मोजा!"

झालं. सहाने पाचकडे बोट दाखवलं, पाचने चारकडे. ज्या लोकांनी सकाळी एकमेकांना बिस्किटं दिली होती, ते आता एकमेकांच्या खुंट्या उपटू लागले. नदीचा आवाज ऐकायला आलेल्यांना एकमेकांशिवाय दुसरं काही ऐकू येईना. मोजणीदाराच्या मागे पंधरा-वीस माणसांची रांग लागली. "साहेब, आमचं आधी!" "साहेब, इकडून पण एकदा धरा!" कचेरीतही त्याला इतक्या वेळा कुणी साहेब म्हटलं नव्हतं. बायको बघतेय का, म्हणून त्याने दोनदा मान वळवली. ती भावोजींनी केलेला चहा पीत होती.

वरात एक नंबरपर्यंत पोचली. तिथे एक आजोबा गळ टाकून बसले होते. "मी हलणार नाही," ते पाण्यावरची नजर न काढता म्हणाले. "खांब जिथे आहे तिथे मी आहे. खांबाला विचारा."

खांबाला विचारायला वनरक्षकाला बोलवावं लागलं. तो चौकीतून नकाशा घेऊन आला. नकाशात एक नंबरची जागा काठावरच्या काळ्या खडकापासून सुरू होत होती. वनरक्षकाने खडकाकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि कान खाजवला.

"काय आहे साहेब, मागच्या पुरात सगळे खांब वाहून गेले. मग मीच अंदाजाने रोवले. वर्षभरात कुणी तक्रार केली नाही. आता तुम्ही एवढं मोजलंच आहे, तर हेही मोजून टाका."

मोजणीदाराने खडकाला टेप लावला आणि आकडा वाचला. त्याने तो पुन्हा एकदा वाचला. पहिला खांब खडकाला अगदी चिकटून हवा होता, तो दहा फूट वरच्या अंगाला रोवला होता. म्हणजे नऊच्या नऊ जागा दहा फूट खाली सरकणार, नदीच्या वळणाकडे. आणि सगळ्यात खाली कोण, हे सांगायला नकाशा लागत नव्हता.

"किती भरलं साहेब?" वनरक्षकाने विचारलं.

आकडा एकट्या मोजणीदारालाच दिसत होता. 'शून्य' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. त्याने एकदा नदीकडे पाहिलं, एकदा साडूकडे पाहिलं. पण बावीस वर्षांत त्याने टेपवरचा आकडा कधी खोटा वाचला नव्हता.

"दहा फूट," तो म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

तासाभरात तळ दहा फूट खाली सरकला. साडूचा तंबू, ज्याला दोन फूट जागा नाकारली होती, तो आता त्याच जागेत कायदेशीर दहा फूट आत येऊन बसला. नऊ नंबरचे पाच फूट कोरडे उरले, दहा फूट नदीत गेले. मोजणीदाराने आपला तंबू तिथे एकदा धरून पाहिला. त्याचा एक कोपरा मासे बघून गेले.

"हात दाखवून अवलक्षण!" बायको म्हणाली.

"आमच्याकडे चला ना," साडू म्हणाला. "आमच्या तंबूत सहा माणसं मावतात."

मावतातच! मोजणीदाराने दात आवळून पिशव्या उचलल्या.

ऊन उतरलं, बायका सामान लावायला आत गेल्या, तेव्हा दोघे साडू तंबूच्या दाराशी बसले. साडूने पायाशी पडलेली खुंटी उचलून बाजूला ठेवली. मग एकदम म्हणाला, "खरं सांगू? आज मला तुमचा फार राग आला."

"माझा?"

"दुपारपासून हिचं एकच चाललंय. धाकट्या जावयांकडे बघा, माणसं रांगा लावून उभी आहेत. धाकटे जावई बघा, स्वतःची जागा पाण्यात गेली पण खोटं बोलले नाहीत. तुम्हाला जमेल का असं? मी नुसता जळतोय हो. आणि आजचंच नाही, चौदा वर्षं हेच ऐकतोय."

मोजणीदाराला आधी खरंच वाटेना. मग त्याला इतका आनंद झाला की साडूला मिठी मारावी की काय, असं त्याच्या मनात आलं. त्याने तंबूच्या कापडाकडे पाहिलं. त्याची बायको पलीकडे हातभर अंतरावर असणार होती.

"साडूभाऊ," तो कुजबुजला, "हेच सगळं पुन्हा एकदा बोलता? जरा मोठ्याने?"

साडू मोठ्या मनाचा. त्याने घसा खाकरला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, रांगेसकट, पाण्यासकट, जळण्यासकट.

मोजणीदाराने कान कापडाला लावला.

"ऐकलं हं मी!" आतून बायकोचा आवाज आला. "भावोजींचं मन किती मोठं, बघा! जळतोय म्हणून सरळ तोंडावर सांगितलं. तुम्हाला कधी जमलं असतं का हो?"