कपाळ कोणी फोडलं?

गोटमारीच्या दिवशी अरविंद कारकून दाराला आतून कडी लावून घरात बसला होता. तिकडे जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव ही दोन काठांवरची गावं गोटे मारून एकमेकांची डोकी फोडत होती, नदीत रोवलेल्या झेंड्यासाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी फोडतात, आणि त्याच्या पुढच्या दिवशी एकमेकांकडे चहाला जातात. पण यंदा कचेरीत नवे साहेब होते. मागल्या वर्षी नागपूर मुंबई राज्यात गेलं, पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं, आणि दुबेसाहेब थेट रीव्याकडून आले. आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला की गोटमारीत दिसेल त्या सरकारी नोकराची नोकरी गेलीच समजा. अरविंदची नोकरी अजून कायम व्हायची होती. तसा हुकूम नसता तरी तो गेला नसता म्हणा, रक्त पाहिलं की त्याला घेरी यायची.

“बसलेच आहा तं माळ्यावरचा गुंड तरी काढून द्या,” त्याची बायको उर्मिला म्हणाली.

अरविंद स्टुलावर चढला. पाण्याचा तो पितळी गुंड त्याच्याआधी खाली आला, तोही त्याच्या कपाळावरून.

दवाखान्यात नदीवरून आलेल्या जखमींची ही रांग! अरविंद त्या रांगेत जाऊन बसला, एवढीच काय ती त्याची चूक. शेजारी त्याच्याच आळीतला कवडू बसला होता. त्याच्या अंगठ्याचं नख उडालं होतं.

“अरे बापा! अरविंदराव, तुमी बी?”

“नाई गा, माह्या डोक्यावर गुंड पडला.”

“हो हो, गुंडच!” कवडूनं डोळा मारला. “नोकरीवाल्याले असंच सांगा लागते.”

संध्याकाळपर्यंत कवडूनं अरविंदला झेंड्याजवळ लढताना पाहिलेलं होतं. आणखी तासाभरात अर्ध्या पांढुर्ण्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सावरगावचा गुणवंता किराणावाला पेढे घेऊन हजर.

“माफ करजा, अरविंदराव. तो गोटा माह्याच हातचा. पण काय छाती तुमची! हटलेच नाई!”

अरविंदनं नाही म्हणायला तोंड उघडलं. गुणवंतानं त्यात पेढा घातला. पाठोपाठ शेजारच्या शकुबाई निरांजन घेऊन ओवाळायला आल्या. चौथ्या पेढ्यानंतर अरविंदनं नाही म्हणणं सोडून दिलं आणि आरशात पाहून पट्टी जराशी तिरपी केली. माणूसच तो, काय करणार!

तिसऱ्या दिवशी दुबेसाहेब स्वतः दारात उभे राहिले. मागे सगळी आळी, आणि सावरगावचा गुणवंताही.

“किसने देखा इसे नदी पर? सामने आओ, गवाही लिखनी है. और सोच लो, जिसने देखा, वो खुद भी वहाँ था!”

कवडूला एकदम आठवलं, “मी तं त्या दिवशी मोहगावले होतो, साहेब, सासऱ्याच्या घरी. अंगठा दारात सापडला.”

“मी दुकान सोडूनच नाई गेलो, साब,” गुणवंता म्हणाला. “गोटा उचलाले माहा खांदा कुठी चालते? वात हाये ना मले!”

शकुबाईंना तर वर्षभरापासून धड दिसतच नव्हतं.

तेवढ्यात उर्मिलेनं पोचा आलेला गुंड आणून साहेबांपुढे धरला. साहेबांनी गुंडाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागले. “सारा गाँव नदी पर, और ये घर में बर्तन से पिट गए!” मग कवडू हसला. गुणवंता तर सगळ्यांत मोठ्यानं. “बापा बापा, गुंडानं!” शकुबाईंनी पदर तोंडाला लावला.

“डरो मत,” साहेब डोळे पुसत म्हणाले, “अगले महीने पक्का कर देंगे.”

नोकरी वाचली होती. आता फक्त हात जोडायचे होते. पण अरविंदचे कान लाल झाले.

“साहेब, हे सारे खोटं बोलून राहिले. मी झेंड्यापर्यंत गेल्तो.”

“अहो!” उर्मिला ओरडली.

“नौकरी जाएगी,” साहेब म्हणाले. “सोच लो.”

अरविंदनं गर्दीकडे पाहिलं. हसणं थांबलं होतं. कवडू तर चक्क आदरानं बघत होता.

“लिहा, साहेब,” अरविंद म्हणाला. “अन् गोटा एक नाई, दोन लागले.”