आधी नावं वाच, माय

मन्मथप्पांचा उजवा अंगठा महिन्यातले दहा दिवस फडक्यात असायचा. आत लोणी, वर जुन्या धोतराची पट्टी, तिच्यावर दोऱ्याची गाठ. त्या दहा दिवसांत ते उजव्या हाताने भाकरीसुद्धा मोडत नसत. काय लागलं अप्पा, असं कुणी विचारलं तर म्हणत, "लागलं न्हाई. पिकायला ठेवलाय."

रेणापूरजवळच्या एका गावात आमचं रेशनचं दुकान आहे. पूर्वी रजिस्टरवर शाईचा अंगठा उठवला की धान्य मिळायचं. तो नेमका कुणाचा, हे कुणी बघत नव्हतं. मग मशीन आलं, आणि त्याचा पडदा इंग्रजीत. बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "लातूरला ठेवून इंग्रजी शाळा शिकवली. बस आता इथं." मला लोकांशी बोलायला अवघड जातं. मशीनमागे बसलं की फार बोलावं लागत नाही, एवढंच बरं होतं.

अप्पा चुना मारायचे. गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथल्या एका कचेरीला पहिला चुना आपणच मारला, हे ते रांगेतल्या प्रत्येकाला सांगत. पण इतक्या वर्षांत त्या चुन्याने त्यांच्या बोटांवरच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या. मशीन काही त्यांचा अंगठा घेईना. लोणी लावून झालं, खोबरेल झालं. कित्येक महिने ते रिकामी पिशवी घडी घालून काखेत मारून परत गेले. "सरकारची कचेरी मी गोरी केली, माय, अन् सरकार मला वळखंना."

मग पाऊस गेला. टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना, चुना कोण भिजवणार? अप्पांचं काम बंद पडलं आणि काही महिन्यांनी अंगठ्यावर रेषा उगवल्या. मशीनने पहिल्या झटक्यात अंगठा घेतला. रांग हसली. अप्पा हसले नाहीत. "काम असलं की अंगठा जातोय, अंगठा आला की काम न्हाई. दोन्ही एका माणसाला दिलं तर काय बिघडतंय?"

तेव्हापासून अंगठा रेशनच्या दिवसापर्यंत फडक्यात जपला जाई, आणि फडकं सोडण्याआधी त्यांची एक अट असे. "आधी नावं वाच, माय."

कार्डावर दोनच नावं. मी पडद्यावरून वाचायची, मन्मथप्पा, गंगाबाई. ते मान हलवून "हाय" म्हणत आणि मगच गाठीला हात घालत. मागचे लोक वैतागत. मला वाटे, ते माझं इंग्रजी तपासतात.

गंगाबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. कुणी म्हटलं, "अप्पा, मालकिणीलाच आणा की एकदा," की उत्तर ठरलेलं. "देवणीला हाय, भावाकडं. गाय व्यालीय." पुढच्या महिन्यातही गाय व्यालेलीच असे. शेवटी गिरणीवाल्याने विचारलं, "अप्पा, मेव्हण्याकडं गाय हाय का कोंबडी?"

"देवणी जात हाय," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "तिचं सांगता येत न्हाई."

धान्य माणशी पाच किलो. अप्पा दोघांचं मोजायला लावत, पण स्वतःच्या पिशवीत पाचच घेत. उरलेले पाच, त्या दिवशी ज्याचा अंगठा जुळला नसेल त्याच्या पिशवीत ओतायला सांगत. "मालकिणीनं दिलंय म्हण." रिकाम्या हाताने निघालेल्या बायका परत फिरत आणि तिथे नसलेल्या मालकिणीला आशीर्वाद देत.

मग नवा नियम आला. कार्डावरच्या प्रत्येकाने महिनाअखेरपर्यंत स्वतः येऊन अंगठा द्यायचा, नाहीतर नाव कमी. मी अप्पांना म्हटलं, "काकूंना आणावं लागेल. नाहीतर त्यांचं नाव जाईल." त्या दिवशी त्यांनी गाईचं काही सांगितलं नाही.

घरी बाबांना विचारलं. ते सुतळी गुंडाळत होते. "गंगाबाई? दोन वर्षं झाली तिला जाऊन. माती देवणीलाच झाली, गावातनं मी एकटाच गेलो होतो."

"आणि तरी तुम्ही...?"

"नियम मला ठाऊक हाय," बाबा म्हणाले. "तिच्या वाट्यातला एक दाणा तो घरी नेत न्हाई. म्हणून गप बसलो."

शेवटच्या दिवशी भर दुपारी, रांग नसताना अप्पा आले. अंगठा उघडा होता. "वाच, माय."

मी दोन्ही नावं वाचली.

"ते नाव तुला काढावं लागतंय का?"

"नाही. वरूनच जाईल."

"बरं हाय. तुझ्या हातानं नको." ते पायरीवर बसले. "आमच्यात बायकोला नावानं हाक मारत न्हाईत. 'आगं' म्हणलं की ती यायची. आता घ्यावं म्हणलं तर जीभच वळंना. गावात दुसरं कोण घेतंय तिचं नाव? महिन्यातून एकदा तू घेत होतीस."

पुढच्या महिन्यात रांग मोठी होती. अंगठा न जुळलेली एक म्हातारी थोडा वेळ दाराशी थांबली, अप्पांकडे बघत राहिली आणि मग गेली. अप्पांच्या अंगठ्यावर फडकं होतं. पडद्यावर एकच नाव.

"आधी नावं वाच, माय," ते म्हणाले. सवयीने असेल.

"मन्मथप्पा," मी वाचलं. मागे कुणीतरी खोकलं. माझे कान गरम झाले.

"गंगाबाई," मी जरा मोठ्याने म्हणाले.

"हाय," अप्पा म्हणाले आणि गाठ सोडायला लागले.