खिंडीत आधी दिवे कोणी बंद करायचे

एका जंगलात सगळ्या प्राण्यांकडे गाड्या होत्या. आता तुम्ही विचाराल, जंगलात पेट्रोल कुठून आलं? मुलांनो, असले प्रश्न तुम्हालाच सुचतात. तिथल्या मोठ्यांना हा प्रश्न कधी पडला नाही, म्हणून तर प्रत्येकाकडे गाडी होती.

जंगलाच्या मधोमध एक डोंगर होता आणि डोंगरात एक खिंड. अलीकडे घरं, पलीकडे बाजार. खिंडीतला रस्ता अरुंद. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. सकाळी तिथे इतकं दाट धुकं पडायचं की हत्तीला स्वतःच्या सोंडेचं टोक दिसत नसे.

म्हणून गाडीला पुढे जादा दिवे लावायची पद्धत होती. प्राणी जेवढा मोठा तेवढे दिवे जास्त. आबासाहेब गव्यांच्या गाडीला सहा दिवे होते, एकेक भोपळ्याएवढा. साळुताई साळिंदर वडाप चालवायची, म्हणजे जीपमध्ये बसतील तेवढे आणि लटकतील तेवढे उतारू घेऊन बाजारात पोहोचवायची. तिच्या जीपला दोन दिवे होते, एकेक कवठाएवढा.

पण भोपळा असो की कवठ, उजेड सगळ्यांचा काजव्याएवढाच पडे. कारण सगळ्यांचं वायरिंग एकट्या तरस मिस्त्रीने केलेलं. तो हॉर्नच्या तारेतून करंट चोरायचा, शेपटीच्या केसाएवढी बारीक तार ओढायचा आणि वर चिकटपट्टी गुंडाळायचा. कोणी मोठा बल्ब घातला की तार तापायची, पट्टी वितळायची, जळका वास सुटायचा. मिस्त्री म्हणायचा, "नव्या वायरिंगला वास येतोच."

खिंडीत एक रीतही होती. दोन गाड्या समोरासमोर आल्या की लहान गाडीने दिवे बंद करायचे, दरीच्या बाजूला सरकायचं आणि मोठ्या गाडीला जाऊ द्यायचं. ही रीत कोणी घातली हे कोणाला ठाऊक नव्हतं. घालणारा लहान गाडीत बसत नसावा, एवढं नक्की.

साळुताई रोज सकाळी ही रीत पाळायची. दिवे विझवून, दरीच्या काठावर, भरलेली जीप घेऊन ती आंधळ्यासारखी उभी राहायची. चाकाखालचा दगड हलला की घोरपड आजी देवाचं नाव घ्यायची. लावीबाई टोपलीतल्या अंड्यांवर जरा जास्तच घट्ट बसायची.

अशात सुबोध मुंगूस जंगलात परत आला.

तो सात डोंगर ओलांडून शिकायला गेला होता. तिथे म्हणे उजेडावर सगळ्यांचा सारखा हक्क असतो. आल्या दिवशी त्याने हे वडिलांना सांगितलं, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना. तिसऱ्या दिवशी सांगायला कोणी घरात सापडेना, म्हणून तो साळुताईच्या जीपमध्ये बसून बाजाराला निघाला.

खिंडीत आबासाहेब आले. साळुताईने दिवे बंद केले आणि जीप काठाला घेतली. खाली कुठेतरी दगड घरंगळत गेले. ते तळाला पोहोचल्याचा आवाज काही आला नाही.

पलीकडे पोहोचल्यावर सुबोध खाली उतरला. त्याने आधी बॉनेट उघडलं.

"साळुताई, हा अन्याय आहे."

"बॉनेट लाव. बाजार सुरू झालाय."

"ही तार बघ. अन्याय इथून सुरू होतो."

"ती हॉर्नची आहे."

"तेच सांगतोय मी. दिव्यांचा सगळा भार या बारक्या तारेतून आणि त्या बटनावरून जातो. बटनाने भार उचलायचा नसतो. त्याने फक्त हुकूम द्यायचा. भार रिलेची डबी उचलते."

"म्हणजे बटन आबासाहेब आणि रिले आपण," घोरपड आजी टपावरून म्हणाली. "हे शिकायला सात डोंगर कशाला ओलांडले रे बाळा?"

पण सुबोध पेटला होता. त्याने मिस्त्रीच्या तारा उपटून काढल्या. बॅटरीपासून थेट बोटभर जाडीची तार आणली. मध्ये फ्यूज घातला, रिले बसवली, रंग खरवडून नीट अर्थिंग दिलं. बटनापासून रिलेपर्यंत एक बारीक तार ठेवली, तेवढी हुकमापुरती. दिव्यांत नवे, मोठे बल्ब घातले. मग साळुताईला म्हणाला, "आता दाब."

परतीच्या वाटेवर नेहमीसारखा अंधार पडला होता. साळुताईने बटन दाबलं. रस्त्याची कड दिसली. कडेचं गवत दिसलं. गवतापलीकडची दरीही दिसली.

साळुताईने जीप थांबवली आणि वाकून खाली पाहिलं.

"एवढी खोल आहे होय ही?" ती म्हणाली. "आणि मी रोज हिच्या काठावर डोळे मिटून उभी राहत होते."

सुबोधचे डोळे भरून आले. "आता हे दिवे कोणासाठीही बंद करायचे नाहीत, ताई. शब्द दे मला."

साळुताईने शब्द दिला. आणि मुलांनो, ती शब्द पाळणारी होती. गोष्ट बिघडते ती अशाच प्राण्यांमुळे.

दुसऱ्या दिवशी खिंडीत आबासाहेबांचे डोळे दिपले. डोळ्यांचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. वडापवालीच्या दिव्यांनी दिपले, हे झोंबलं. त्यांनी सुबोधला बोलावून घेतलं.

"तिला केलंस ते आम्हाला कर. बल्ब तिप्पट."

सुबोध क्षणभर घुटमळला. पण उजेडावर सगळ्यांचा सारखा हक्क, म्हणजे आबासाहेबांचाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. त्याने सहा भोपळ्यांना सहा जाड तारा ओढल्या.

"फक्त एक करा, आबासाहेब. दिव्यांची तोंडं थोडी खाली वळवतो. आणि समोरून कोणी आलं तर आपले दिवे मंद करायचे."

"तोंड खाली घालायला आमचे दिवे काय कोणाचे देणे लागतात?" आबासाहेब म्हणाले. "सरळ ठेव. जमलं तर थोडे वरच."

इथे तुम्हाला एक गुपित सांगतो. हे जंगल इतकी वर्षं वाचलं होतं ते तरस मिस्त्रीच्या चोरट्या वायरिंगमुळे. दिवे नुसते मिरवायचे होते, त्यामुळे समोरचा कोणी आंधळा होत नव्हता. सुबोधने काम चोख केलं आणि जंगलाचं हे एकमेव संरक्षण गेलं.

पुढच्या सकाळी, ऐन वळणावर, साळुताई आणि आबासाहेब समोरासमोर आले. सुबोध साळुताईच्या शेजारी बसला होता. इकडून दोन दिवे, तिकडून सहा. मधलं धुकं दह्यासारखं पांढरं झालं. ना कडा दिसेना, ना दरी. दोन्ही गाड्या थांबल्या.

आबासाहेबांनी हॉर्न दिला. साळुताईनेही दिला.

"कोण आहे तिकडे?" आबासाहेबांचा आवाज आला.

"तुम्हाला दिसत नाही का?" साळुताई म्हणाली.

"दिवे बंद कर, मग दिसेल."

"तुम्ही करा."

"रीत काय आहे?"

"ती जुन्या वायरिंगची होती."

टपावर कोणीतरी हसलं. तेवढ्यात जीपचं मागचं चाक जरासं खचलं आणि हसणं थांबलं. सवयीने साळुताईने जीप दरीच्याच बाजूला घेतली होती. मागचं दार थेट दरीवर उघडत होतं. मागे घ्यावी तर मागचं दिसत नाही, पुढे घ्यावी तर पुढे आबासाहेब.

"ताई, बंद कर," सुबोध हळूच म्हणाला. "एकाने बंद केले तर दुसऱ्याला रस्ता दिसेल. तो निघून जाईल."

"तू तर म्हणालास, कोणासाठीही बंद करायचे नाहीत."

"तेव्हा म्हणालो होतो."

"तेव्हा म्हणजे परवा."

"मागे उतारू आहेत, ताई."

"इतकी वर्षंही उतारू होतेच. तेव्हा मीच बंद करायची. आज एकदा, एकदाच, त्याला करू दे. मग उद्यापासून मी आनंदाने करीन."

सुबोधने डोकं बाहेर काढलं. "आबासाहेब, आजच्या दिवस तुम्ही बंद करा. चाक काठावर आहे."

"मग तिला सांग लवकर कर म्हणून. आम्ही पुढे घेतोय. दिसलं तर दिसलं."

आणि खरंच सहा दिवे पुढे सरकू लागले. चाक आणखी खचलं. मागे लावीबाईने अंडी पंखांखाली ओढली. साळुताईने स्टेअरिंग धरलं होतं. तिचे सगळे काटे उभे होते, पण हात बटनाकडे गेला नाही.

बटनापासून रिलेकडे जाणारी ती बारीक तार सुबोधच्या पायाशी होती. तो खाली वाकला आणि त्याने ती दातांनी तोडली.

दोन दिवे विझले. समोरचं दही फाटलं. आबासाहेबांना रस्ता दिसला, काठावरची जीप दिसली. ते कड्याच्या बाजूने सावकाश निघून गेले. जाताना त्यांनी हॉर्नही दिला, मोठ्या मनाने.

सगळे वाचले. अंडीसुद्धा.

संध्याकाळी वडाच्या पारावर सभा भरली. आबासाहेबांनी सुबोधच्या गळ्यात हार घातला. "पोरगं बाहेर शिकून आलं," ते म्हणाले, "पण जंगलाची रीत विसरलं नाही. वेळ आली तेव्हा कोणाचे दिवे विझवायचे हे त्याला बरोबर कळलं."

"मी रीतीसाठी नाही तोडली," सुबोध म्हणाला. "जीव वाचावेत म्हणून तोडली."

"नम्रसुद्धा आहे," आबासाहेब म्हणाले. टाळ्या इतक्या झाल्या की पुढचं कोणाला ऐकू आलं नाही.

सभेनंतर सुबोध साळुताईकडे गेला. ती जीपखाली होती. तरस मिस्त्री तिला नवी तार ओढून देत होता, या वेळी लोखंडी नळीतून, म्हणजे मुंगसाचे दात लागायला नकोत.

"ताई, जीप खाली गेली असती."

"गेली असती."

"मग?"

"मग काय? वाचवलंस, ते मी नाकारत नाही. पण तोडायला तुला तार सापडली ती माझीच."

"तुझी जवळ होती. त्याची बॉनेटखाली. तिथे मी वेळेत पोहोचलो नसतो."

साळुताई जीपखालून बाहेर आली. तिने हात पुसले. "तेच म्हणतेय मी. आमची नेहमी जवळच असते."

सुबोधला सात डोंगरांपलीकडचं बरंच काही आठवलं. त्यातलं काहीच इथे लागू पडेना.

महिन्याभरात मिस्त्रीने जंगलातल्या प्रत्येक गाडीला जाड तारा ओढल्या. तो आता चोख काम करू लागला होता, कारण बारीक तारांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. सशांनीही दिवे घेतले, रानडुकरांनीही. लहान गाड्यांनी ठरवलं की आता दबायचं नाही. मोठ्या गाड्यांनी ठरवलं की आधी कधी दबलो नव्हतो. मग सगळ्यांनी एकमताने ठराव केला की खिंडीत दिवे आधी समोरच्याने बंद करावेत.

सुबोध रोज सकाळी खिंडीच्या तोंडाशी उभा राहून सांगायचा, "दोघांनी मिळून मंद करा. एकदम. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही."

"पटतंय," दोन्ही बाजू म्हणायच्या. "आधी त्यांना करायला सांग."

मग दोन्हीकडच्या गाड्या दिवे लावून, नाकाला नाक लावून उभ्या राहायच्या. दुपारी ऊन वर आलं की धुकं आपोआप विरायचं. सगळ्यांना रस्ता दिसायचा आणि सगळे निघायचे, भर उन्हात दिवे लखलखीत चालू ठेवून. बाजार उठायच्या बेताला आलेला असे. परतताना बॅटऱ्या संपलेल्या असत आणि उतारू खाली उतरून धक्का मारत. त्या वर्षी खिंडीत एकही अपघात झाला नाही. आबासाहेबांनी त्याबद्दल सगळ्यांच्या वायरिंगचं जाहीर कौतुक केलं.

तात्पर्य: मुलांनो, आपला दिवा आपण आधी कधीही बंद करू नये. थोडा दम धरला की सूर्य उगवतोच, आणि तो आपल्याच बॅटरीवर चालतो असं म्हणायला कोणी अडवत नाही.