लंकाबाईंची रविवारची सेवा

सेवा ही एकट्याने होणारी गोष्ट नाही. करणारे कितीही उत्साही असले तरी जिची करायची ती व्यक्ती वेळेवर घरी सापडावी लागते. नाशिकच्या आमच्या देवळात (आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो) शहात्तर साली सेवा समिती निघाली, तेव्हा हीच अडचण आली. सेवेला अख्खी मंडळी तयार. गरजू मात्र एकच सापडल्या, लंकाबाई. विधवा, मागेपुढे कोणी नाही आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समितीने देवाचे आभार मानले.

दर रविवारी उपासना संपली की समिती लंकाबाईंच्या घरी जाई. एक गट अंगण झाडी, दुसरा गट पहिल्याला मार्गदर्शन करी. महिला मंडळ भांडी घासे. (ती घासलेलीच असत. पाहुणे येणार म्हणून लंकाबाई पहाटे चाचपडत घासून ठेवत.) मग गाणे, प्रार्थना आणि चहा. चहा लंकाबाई करत. साखर शेजारच्या धोंडीरामाकडून उसनी आणत. हा धोंडीराम अंबडच्या कारखान्यात कामाला. बौद्ध असल्यामुळे समितीच्या कक्षेबाहेरचा.

पुढच्या रविवारी साक्षी होत. आयुष्यात काही चांगले घडले की उपासनेत उभे राहून ते सांगायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. झाडू मारताना किती शांती लाभली, हे ऐकून लोकांचे डोळे भरून येत. लंकाबाईंना काय लाभले हे विचारायला वेळ उरत नसे.

त्यांचे म्हणणे एकच होते. "याकोबराव, सलाम. झाडायचं राहू द्या, मला दवाखान्यात न्या. सोबत माणूस असल्याबिगर डॉक्टर डोळ्याला हात लावीत नाय."

अध्यक्ष याकोबराव प्रेमाने विचारत, "कधी जायचंय, मावशी?"

"सोमवारी सकाळी."

"सोमवारी का," असे म्हणून याकोबराव चहा संपवत.

सोमवारी सगळ्यांना कामे असतात, हे उघड आहे. शिवाय दवाखान्यात एकच माणूस लागतो, आणि एकाने केलेली सेवा समितीची कशी म्हणावी? तिथे गाताही येत नाही. तरी समिती स्वस्थ बसली नाही. ऑपरेशन रविवारी दुपारी ठेवावे, अशी विनंती तिने डॉक्टरांना केली. डॉक्टर मानले नाहीत. त्यांच्या हृदयपालटासाठी विशेष प्रार्थना झाली.

पावसाळा गेला. डॉक्टरांनी लंकाबाईंना बजावले, "उजवा डोळा हातचा गेला. दिवाळीपर्यंत आला नाहीत तर डावाही जाईल."

त्या पुन्हा साखर मागायला गेल्या तेव्हा धोंडीराम म्हणाला, "म्हातारे, एवढी पलटण येती तुझ्याकडं. त्यातला एक नाय व्हय येत दवाखान्यात?"

"त्यांना सुट्टी नसती रे."

"आन् माझा कारखाना सासऱ्याचा हाय का?" असे म्हणून त्याने बिनपगारी रजा टाकली, लंकाबाईंना सायकलवर मागे बसवले आणि पट्टी सुटेपर्यंत त्यांच्या खाटेजवळ बसून राहिला.

इकडे रविवारी समिती झाडू घेऊन आली, तो दाराला कुलूप. काय घडले ते गल्लीतल्या लोकांनी सांगितले. दोघी-तिघींना रडू आवरेना. पायरीवरच तातडीची सभा भरली. समितीला विश्वासात न घेता परस्पर सेवा केल्याबद्दल धोंडीरामाविषयी खेद व्यक्त झाला. तथापि समितीच्या प्रार्थना ऐकूनच परमेश्वराने त्याला सायकल चालवायला लावली, सबब सदर सेवा समितीचीच समजावी, असे एकमताने ठरले.

पुढे जाड भिंगांचा चष्मा लावून लंकाबाई देवळात आल्या आणि साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. आधी त्यांनी प्रत्येक बाकावरचे चेहरे निरखून पाहिले.

"मला वाटायचं, तुम्ही समदे माझ्यासारखेच थकलेले असणार," त्या म्हणाल्या. "हितं तर सगळे धडधाकट हायेत की."

आणि खाली बसल्या. इतकी छोटी साक्ष आमच्या देवळात पूर्वी झाली नव्हती, पुढेही झाली नाही.

समितीचे काम अर्थात थांबलेले नाही. उलट नवे सभासद घेणे चालू आहे. धर्माची अट काढून टाकली आहे. प्रकृती ठणठणीत असावी, मन हळवे असावे आणि सोमवारी काम असावे, एवढे पुरते. तुमच्या गल्लीत सोबत माणूस मागणारे जे दार आहे, ते तुम्हाला आत्ता आठवले असेलच. वेगळा अर्ज करू नये. तुमचे नाव आम्ही धरले आहे.