सोळावा हात

नव्या बांगड्या शेजारणीला दिसाव्यात म्हणून मी एकदा एका माणसाला गादीवरून उतरवलं. हे मी कोणाला मुद्दाम सांगत नाही, पण आता वयच असं झालंय की लपवून ठेवण्यात काही मजा राहिली नाही. तेव्हा माझं वय सतरा होतं आणि अक्कल साताची.

माणूस म्हणजे आमचे महादूतात्या, माझ्या नवऱ्याचे चुलत चुलते. गादी म्हणजे आमच्या गावच्या सावडीचं पुढारपण. खर्डीच्या अलीकडे आमचं गाव. भातलावणीच्या वेळी सगळ्या घरांनी मिळून आज याच्या शेतात, उद्या त्याच्या शेतात राबायचं, याला आमच्याकडे सावड म्हणतात. तात्यांना स्वतःचं शेत नव्हतं. बायको मुंबईतच वारली होती. तेव्हा तात्यांना घर, शेत, गणगोत, काय म्हणाल ते सगळं त्या सावडीतच होतं.

तात्या मुंबईच्या गिरणीत पंधरा वर्षं काढून गावी आले, ते कम्युनिस्ट होऊन. बरोबर एक पत्र्याची ट्रंक, एक शिटी आणि वर्तमानपत्रातून कापलेलं रशियाच्या पुढाऱ्याचं चित्र. चित्र त्यांनी भाताच्या शितांनी भिंतीला चिकटवलं. माझ्या सासूबाई ते निरखून म्हणाल्या, "भावजी, मिशा तर आपल्या पाटलाच्याच की!" तात्या दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

त्यांच्यासमोर 'माझं' म्हणायची चोरी. "आपलं म्हन, आपलं!" असं ते लहान पोरांनाही दरडावत. एकदा मी म्हणाले, "तात्या, माझं डोकं दुखतंय." तेव्हाही त्यांनी तोंड उघडलं होतं, मग काय वाटलं कोण जाणे, मिटलं.

रशिया त्यांच्या जिभेवर असायचा. खुद्द तात्यांनी उत्तरेला पाहिलेलं शेवटचं ठिकाण कसारा. पण तिकडे म्हशी कुणाच्या मालकीच्या नसतात, हे ते स्वतः धार काढून आल्यासारखं सांगत.

"मग दूध कोन काढतं?" सासूबाईंनी विचारलं.

"समिती."

"म्हशीला इचारलंय का?"

"वैनी, चेष्टा नको. तिकडं सभेत ठराव आला की समद्यांचे हात एकदम वर. येक हात खाली ऱ्हात नाय."

"आन ठेवला तर?"

"कोनी ठेवीतच नाय," तात्या म्हणाले आणि त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली.

"ठराव मांडा!" हे त्यांचं पालुपद. भांडण असो, विहिरीचा गाळ असो, कुत्र्याचं नाव असो, ठराव मांडायचा, हात मोजायचे, वहीत लिहायचं. पण एक सांगते, हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तात्या येण्याआधी सावड पहिल्यांदा पाटलाच्या शेतात जायची. भागीसारख्या एकट्या विधवेची पाळी येईपर्यंत तिची रोपं गुडघ्याएवढी वाढून वाया गेलेली असत. तात्यांनी ठराव करून क्रम उलटा केला. सगळ्यात लहान तुकडा पहिला. आणि लावणी बायका करतात म्हणून बायकांचेही हात मोजायचे. त्या काळी आमच्या घरात भाजी कोणती करायची हेही बायकांना कोणी विचारत नसे. मला तर पहिल्या सभेत वाटलं, हात वर करा म्हणजे शाळेसारखं उभं राहायचं असणार. मी उभी राहिले.

तात्यांचं बिघडलं ते शिटीपायी. गळ्यात शिटी अडकवून ते बांधावर उभे राहायचे. शिटी वाजली की वाकायचं, शिटी वाजली की भाकरी खायची. बांबूची काठी घेऊन दोन रोपांतलं अंतर मोजायचे. तेही आम्ही सोसलं. पण त्या वर्षी त्यांनी लावणीची गाणी बंद केली. त्यात देव येतात, राजे येतात, सासू येते, म्हणून ती मागासलेली. त्याऐवजी त्यांनी मुंबईहून आणलेलं एक मजुरांचं गाणं शिकवलं. ते उभं राहून मूठ वळून म्हणायचं होतं. वाकून, मुठीत रोपं धरून कसं म्हणणार? भागी म्हणाली, "तात्या, तुमचं गानं पायजे का भात पायजे?" तिच्याच शेताला ते पहिलं नेत, तरी ती असं म्हणाली.

त्या पौषात तात्यांनी पुढच्या लावणीची सभा बोलावली. लावणीला पाच महिने होते, पण योजना आधी हवी ना! आम्ही नुकतेच म्हसा गावच्या जत्रेहून आलो होतो. मी हिरवा चुडा भरून आले होते, मध्ये एकेक सोनेरी वर्खाची बांगडी. समोर आमची शेजारीण सुंदरा, पाटलाच्या पुतण्याची, धोंडूची बायको, बसली होती. ती माझ्याकडे बघेचना. तेव्हा ठराव आला की मी हात वर करायची आणि जरा हलवायची. विहिरीचा ठराव झाला, बांधाचा झाला. माझ्या कानांवर काही पडत नव्हतं. सुंदराने एकदाचं पाहिलं. मी हात आणखी उंच केला.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

धोंडूने ठराव मांडला होता की शेतांचा क्रम आहे तोच राहील, पण महादूतात्या पुढारी नकोत आणि शिटीही नको. पंधरा हात वर होते, पंधरा खाली. माझा सोळावा.

माझा नवरा ताडकन म्हणाला, "हिला काय कळतंय? हिचा हात सोडा." बरोबरच होतं ते. माझा हात सोडला असता तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीला तात्यांचं स्वतःचं मत चालणार होतं. दोन-चार पुरुष म्हणाले, "हां हां, बाईमानूस हाय, सोडा." मी तर हात वरच विसरले होते.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"हात वर हाय ना?"

"हाय, पन तात्या..."

"मग मोजा."

वही त्यांच्याच मांडीवर होती. त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'ठराव मंजूर.' शिटी गळ्यातून काढली, ओट्यावर ठेवली आणि घरी गेले.

सासूबाईंनी माझी जी काही हजेरी घेतली! "काकनं दाखवायला मानूस उठवलास गो!" सकाळी दोन भाकऱ्या फडक्यात बांधून मी तात्यांच्या दारात गेले. ते उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडत बसले होते. एका माणसाचे, मूठभर. मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. चुडा, सुंदरा, सगळं. म्हटलं, "तात्या, पुन्हा सभा घ्या. मी हात खाली ठेवते."

ते रागावले नाहीत. सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला आणि म्हणाले,

"नको गो पोरी. झालं ते झालं. मुंबयला मी पन आसाच हात वर केला व्हता. माजा दोस्त, येका खोलीत आठ वर्सं ऱ्हायलो आमी. त्याला युनियनमधनं काडायचा हुकूम वरनं आला. का, ते मी इचारलं नाय. समद्यांचे हात वर गेले, माजा बी गेला. तो माज्याकडंच बगत व्हता. तू येका रातीत सांगाया आलीस. मी आजून नाय गेलो."