सहाव्या मजल्यावरचा पंचनामा

हनोईतल्या एका हॉटेलच्या सहाव्या मजल्यावरील खोलीचा पंचनामा गेल्या नोव्हेंबरात, सहलीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता झाला. करणारे बाळाराम ठोंबरे, निवृत्त तलाठी, राहणार दहिवली, कर्जत. पंच म्हणून मी सही केली. दुसरी सही खोली साफ करणाऱ्या बाईंची. त्यांना मराठी येत नव्हतं. पण तात्यांनी पेन पुढे केलं की माणूस सही करतो.

ठोंबरेतात्या माझे शेजारी. खालापूर तालुक्यात त्यांनी तीस वर्षं आडवा झालेला भात, उडालेले पत्रे, वीज पडून मेलेल्या म्हशी यांचे पंचनामे केले. निवृत्तीनंतर हे काम घरी आलं. एका शेळीने त्यांची जास्वंद खाल्ली, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं : ‘शेळी जागेवर हजर. विचारणा केली असता निरुत्तर.’ नवा फ्रिज आणणारा टेंपोवाला सही केल्याशिवाय फाटकाबाहेर जाऊ शकला नाही.

कोणी काहीही दुःख सांगितलं की तात्या विचारतात, “कागद केला का?”

“सरकारनं ह्यांना कवाच सोडलं,” त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, म्हणतात, “ह्येच सोडंनात सरकारला.”

या सहलीचं कारण काकी. त्यांनी फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. समुद्रातून डोंगर वर आलेले आणि मधून बोट चाललेली. “पान्यात डोंगर गं बाय!” असं त्या आठवडाभर येईल-जाईल त्याला सांगत होत्या. त्यांच्या खुब्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं होतं. डॉक्टर हो म्हणाले. मीही त्याच सहलीच्या ग्रुपमध्ये होतो.

खोलीत आंघोळीला एकच जागा होती : उंच काठाचा टब, वर शॉवर. बादली नाही, तांब्या नाही, जमिनीवर पाणी जायला जाळीही नाही. पहिल्या दिवशी काकींनी काठावरून पाय टाकायचा प्रयत्न केला आणि घसरल्या. तात्यांनी धरलं. लागलं नाही, पण काकी पुन्हा टबाजवळ गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पलंगावर बसून होत्या. “उद्या तुमी जा बोटीवर. मी हितंच बसते. दोन दिस आंग धुतलं नाय, चार मान्सांत कशी येऊ?”

“तू नाय तर मी पन नाय,” तात्या म्हणाले आणि पिशवीतून मोजायची टेप काढली. मला बोलावलं. “चल रं, पंच हो.”

पंचनाम्यात खोलीची चतुःसीमा अशी आहे : पूर्वेस खिडकी, पश्चिमेस दरवाजा, उत्तरेस परकी भिंत, दक्षिणेस पत्नी बसलेली. पुढे : ‘टबाच्या काठाची उंची एकवीस इंच. बाधित व्यक्तीचा पाय नऊ इंच उचलतो.’

नऊ हा आकडा कुठून आला, मी विचारलं.

“मोजतो ना रोज. घरी दाराला खुना हायत पेन्सिलीच्या. ऑपरेशन झालं तवा तीन होता.”

“पोरांची उंची मोजत्यात तसा माजा पाय मोजत्यात,” काकी भिंतीकडे बघत म्हणाल्या.

शेवटचा रकाना कारणाचा. तो तात्यांनी भरला, आमच्या सह्या घेतल्या आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

खाली रिसेप्शनवर एक तरुण मुलगी होती. तात्यांनी कागद तिच्यापुढे ठेवला. “वाचून दाव तिला. इंग्लिशमदी. गाळू नको कायबी.”

मी वाचलं. चतुःसीमेला ती हसली. इंचांच्या ओळीला हसली नाही. शेवटची ओळ होती : ‘कारण : साध्या खोलीत जमिनीलगत शॉवर होता. पतीने पत्नीसाठी हौसेने मोठी खोली मागून घेतली. जबाबदार पती. हॉटेलची चूक नाही.’

तिने कॉम्प्युटरवर पाहिलं. साध्या खोल्या भरलेल्या होत्या. तिने कोणाला तरी फोन केला. मग म्हणाली, तळमजल्यावर पोहण्याच्या तलावाशेजारी बायकांची कपडे बदलण्याची खोली आहे. तिथला शॉवर जमिनीलगत आहे. बसायला स्टूल देता येईल.

“तिथं बाकी बाया येतील,” तात्या म्हणाले. मी भाषांतर केलं. मुलीने टेबलाखालून ‘बंद आहे’ अशी पाटी काढून दाखवली.

काकी यायला तयार नव्हत्या. “परक्या मुलखात, लोकांच्या न्हानीत? नगं.”

“दारात मी बसतो,” तात्या म्हणाले. “कोन आत जातंय बघतो.”

साडेपाचला काकी आत गेल्या. सोबत खोली साफ करणाऱ्या बाई होत्या, त्यांच्या हातात स्टूल. दारावर पाटी लावली गेली. तात्यांनी बाहेर खुर्ची ओढली आणि मांडीवर टॉवेल घेऊन बसले. दोन परदेशी बायका पोहण्याच्या कपड्यांत आल्या. तात्यांनी मान खाली घालून दोन्ही हात जोडले. त्या परत गेल्या.

आत पाणी सुरू झाल्याचा आवाज आला. चाळीस मिनिटं तो थांबला नाही. तात्यांनी एकदाही हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बस बोटीकडे निघाली. ठोंबरे पती-पत्नी पुढच्या सीटवर होते. काकी खिडकीशी. त्यांनी केसही धुतले होते.